नऊ नंबरची बेल

१

पुरुषांच्या वॉर्डात दुपारची सामसूम होती. जेवणं उरकलेली, नातेवाईकांना बाहेर काढलेलं, कॉटभोवतीचे पडदे ओढलेले, आणि पडद्यांमागे निरनिराळ्या पट्टीत घोरणं चाललेलं. तेवढ्यात धप्प असा आवाज झाला आणि पाठोपाठ एक स्टीलचा पेला ठणठणत वॉर्डभर फिरून आला.

भराभर पडदे सरकले. पाहतात तर खिडकीजवळच्या कॉटवरचे हेडमास्तर वॉर्डाच्या मधोमध आडवे, एक चप्पल पायात, दुसरी कुठेतरी मागे, आणि उजवं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं. हर्नियाचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते आणि एकट्याने उठायचं नाही अशी त्यांना सक्त ताकीद होती. नवी सिस्टर पलीकडच्या एका पडद्यामागून धावत आली, खाली बसली आणि तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. कळवळत असतानाही हेडमास्तरांचे शब्द सुटे सुटे आणि स्वच्छ होते.

"मी बेल वाजवली होती," ते म्हणाले. "तुम्ही आला नाहीत."

"सर, तुमची बेल वाजली नव्हती," सिस्टर म्हणाली.

दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय हे इस्पितळाने चहाच्या वेळेपर्यंत ठरवून टाकलं. आणि हेडमास्तरांसारखा माणूस खोटं बोलेल हे कुणाच्याच पचनी पडेना, त्यामुळे उरलं कोण ते सांगायची गरज नव्हती.

२

या इस्पितळात तक्रारी ऐकून घ्यायला एक बाई नेमलेली होती. तिचा हुद्दा चांगला लांबलचक होता, पण सगळे तिला तक्रारताई म्हणत, आणि तीही आता त्याच हाकेला ओ देई. इस्पितळ अवाढव्य. एकाच दिवशी एक जण तिच्यापुढे डोळे पुसत सांगे की इथल्या लोकांनी मला मरणाच्या दारातून ओढून आणलं, आणि त्याच्या मागचा त्याच लोकांच्या नावाने बोटं मोडत उभा असे. दोघंही खरं बोलत असत. हे एकदा लक्षात आल्यापासून ताईला आपली नोकरी आवडू लागली होती.

पण ही तक्रार मात्र तिला हातात घ्यावीशी वाटत नव्हती. कारण ही नवी सिस्टर वॉर्डाला नवी असली तरी ताईला नवी नव्हती. या आठवड्यात इथे बदली होण्याआधी ती वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात होती, आणि ताईच्या आईच्या शेवटच्या आजारपणात तिने रोज न सांगता आईची वेणी घातली होती. आईला जाताना विस्कटलेल्या केसांनी जावं लागलं नाही, हे ताई जन्मात विसरणार नव्हती.

मेट्रनबाईंनाही हे ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताईला बोलावून घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की संध्याकाळी मोठ्या साहेबांसमोर निर्णय होणार, सिस्टरचा दोष ठरला तर तिला घरी बसावं लागेल. बेलमध्ये काही बिघाड नव्हता. मेट्रनबाईंनी वायरमनला बोलावून खात्री करून घेतली होती. त्याने हेडमास्तरांच्या उशाचं बटण दाबलं, त्या स्वतः बाहेर पॅसेजमध्ये सिस्टरच्या टेबलाकडे पाठ करून कान देऊन उभ्या होत्या, आणि बेल ठणठणीत वाजली होती.

"तुमचा तिच्यावर जीव आहे, मला माहीत आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "माझाही आहे. म्हणूनच सांगते, जे असेल तेच लिहा."

ताई आधी सिस्टरला भेटली. ती पॅसेजमधल्या टेबलापाशी उभी होती. टेबलावरच्या भिंतीला एक फळी होती, तिच्यावर कॉटच्या नंबरांचे छोटे दिवे. आत कुणी भिंतीतून आलेल्या वायरचं बटण दाबलं की बेल वाजायची आणि त्या नंबरचा दिवा लागायचा. टेबलावरून आतल्या कॉट दिसत नव्हत्या. सकाळी वॉर्डात माणसांचा नुसता गजबजाट, तेव्हा बेलची गरजच पडत नसे, जो तो हाकच मारी. रात्री सिस्टरची खुर्ची वॉर्डातच असे. दुपारच्या विश्रांतीला तेवढं सगळं या फळीवर चाले.

"नऊ नंबरचा दिवा लागलाच नाही, ताई," सिस्टर म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "त्या वेळी तीन नंबरचा लागला होता. शिंपीकाकांचा. मी त्यांच्याकडेच गेले होते, म्हणून तर सर पडल्यावर लगेच पोचले."

शिंपीकाका रोज दुपारी बेल वाजवतात, आणि आपण गेलो की काही नाही गं, आलीस बरं झालं असं म्हणून उगाच पाणी मागतात, असंही तिने सांगितलं. माणूस एकटा आहे, कुणी भेटायला येत नाही, म्हणून ती त्यांना कधी विचारत नसे की बेल कशाला वाजवलीत. ताईला हायसं वाटलं. शिंपीकाकांनी एवढं सांगितलं की सुटलो, असं तिने मनाशी म्हटलं.

३

वॉर्डात दोन्ही भिंतींना कॉटची रांग होती. प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी नंबराची पाटी अडकवलेली, पाटीला रोग्याची फाईल लटकवलेली. ताई पाट्या वाचत चालली होती. एक, दोन, मग नऊ, मग चार. पण ज्या इस्पितळात एक्स-रेची खूण भलत्याच जिन्याकडे बोट दाखवते आणि दुसऱ्या मजल्यावरची लिफ्ट तिसऱ्यावर उघडते, तिथे आकडे ओळीने असावेत अशी अपेक्षा तिने केव्हाच सोडून दिली होती.

हेडमास्तर खिडकीपाशी ताठ बसले होते, हात प्लास्टरमध्ये, पुढ्यात पेपर, राग नाकाच्या शेंड्यावर. त्यांची तक्रार आधीपासूनच होती. रोज दुपारी बेल दिली तरी ही बाई येत नाही, आणि परवा नुकता डोळा लागला होता तर पडदा सारून हजर, काय हवंय सर म्हणून. काय हवं असणार, झोप हवी होती. ताईने विचारलं की काल बेल किती वेळा वाजवलीत. त्यावर त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला शाळेतला शेवटचा बाक आठवला.

"एकदा," ते म्हणाले. "नीट लांब. शाळेतही मी घंटा एकदाच द्यायला लावत असे. जो ऐकणार तो एकदाच ऐकतो."

"मग हाक का नाही मारलीत?"

"मी कुणाला हाक मारत नाही."

हा माणूस हट्टी होता, तुसडा होता, पण खोटं बोलत नव्हता हे ताईला बसल्या जागी दिसत होतं, आणि तेच तिला नको होतं. तिने त्यांच्या उशाशी भिंतीतून आलेली वायर पाहिली. टोकाच्या बटणाला कुणीतरी निळ्या चौकडीच्या कापडाचं नीटस कव्हर शिवून बसवलं होतं, हाताला चटकन लागावं असं. हे कुणी शिवलं, तिने सहज विचारलं. आधीपासून आहे, असं म्हणून हेडमास्तर एकदम खिडकीबाहेर पाहू लागले. चष्मा न लावता पेपरातली बारीक अक्षरं वाचणाऱ्या या माणसाला असल्या कव्हराची गरज काय, हा विचार ताईला शिवून गेला आणि निघून गेला.

शिंपीकाकांची कॉट दुसऱ्या टोकाला, संडासाच्या दाराजवळ होती. ते दार दर वेळी धाडकन आपटत होतं आणि काका दर वेळी हसत होते. पायाच्या जखमेमुळे त्यांना उठता येत नव्हतं, नजर अधू झाली होती, पण हात स्वस्थ बसत नव्हते. ताई बसते न बसते तोच त्यांनी बोटांनी चाचपून तिच्या पर्सचा तुटायला आलेला पट्टा हेरला, शेजारच्याकडून सुईत दोरा ओवून घेतला आणि कामाला लागले.

सिस्टरचं नाव काढताच त्यांचा चेहरा फुलला. असं माणूस शोधून सापडायचं नाही, ते म्हणाले. पोटच्या पोरीने करावं तसं करते. रोज दुपारी येते, पाणी देते, उशी सारखी करते, घटकाभर बोलते.

ताई पुढे वाकली. "काका, काल दुपारीही आली होती ना? सर पडायच्या आधी?"

"आली होती की. इथेच होती."

"तुम्ही बेल वाजवलीत म्हणून आली?"

काकांनी सुई थांबवली आणि अभिमानाने मान हलवली. "छे, छे. तीच तर गंमत आहे. मी कशाला वाजवू? आपण होऊन येते हो ती. मी बेल वाजवत नाही कधी, कुणाला तसदी नको म्हणून. परवा एकदाच पायात कळ आली तेव्हा दाबली होती. कुणी आलं नाही. कामात असेल बिचारी. कळ काय, थांबली आपली आपण."

सिस्टरवर सगळ्यात जास्त माया असलेल्या माणसाने, तिचं कौतुक करता करता, तिला पुरतं बुडवलं होतं. ती म्हणत होती तीनची बेल वाजली, आणि तीन नंबर म्हणत होता मी वाजवलीच नाही.

४

मेट्रनबाईंनी ऐकून घेतलं आणि सुस्कारा सोडला. मुलगी प्रेमळ आहे, पण लाडक्या रोग्यापाशी गप्पा मारत बसली, नावडत्याची बेल कानाआड केली, आणि आता अंगाशी आल्यावर थाप मारते आहे. असं होतं कधी कधी. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ताईला ते जास्तच लागलं.

ती आपल्या खोलीत येऊन बसली. अहवाल लिहायचा तर एवढंच लिहायचं होतं. पण तिला राहून राहून आईची वेणी आठवत होती. नावडत्याची बेल न ऐकणारी बाई, जिला सांगितलेलं नाही ते काम रोज कशी करेल? की आपली माया आपल्याला आंधळं करते आहे? तिने स्वतःलाही उलटतपासणीला घेतलं.

मग तिने दुसऱ्या टोकाने विचार केला. वॉर्डातल्या बाकी सगळ्यांनाही तिने जाता जाता विचारलं होतं. बेल वाजवली की येते, थोडा उशीर होतो, बरी आहे, असंच जो तो म्हणाला होता. सगळ्यांना बरा अनुभव, एकाला देवमाणसाचा आणि एकाला दगडाचा. एकाच्या वाट्याला न मागता येतं, दुसऱ्याला मागून मिळत नाही. तिच्या इमारतीत मध्यंतरी असंच झालं होतं. दूधवाला नवा होता. शेजारीण रोज जास्तीची पिशवी बघून खूश, आणि ताई रोज रिकामा दरवाजा बघून चिडलेली. दूधवाला चोरही नव्हता आणि दाताही नव्हता, त्याचं फक्त दार चुकत होतं.

ती ताठ बसली. चष्मा काढायला तिने पर्स ओढली आणि तिचा हात पट्ट्यावर थांबला. काकांनी पट्टा शिवून वर ठिगळ लावून दिलं होतं. निळ्या चौकडीचं. टाका अगदी बारीक, शेवटी आडवी गाठ. असाच टाका तिने आज आणखी एका ठिकाणी पाहिला होता.

तशी ती उठली आणि थेट वॉर्डच्या मामांकडे गेली. मामा म्हणजे या वॉर्डाचे वॉर्डबॉय, वय झालं तरी बॉयच. ते चादरींच्या गाडीपाशी उभे होते.

"मामा," ती म्हणाली, "शिंपीकाका आधी खिडकीपाशी होते ना?"

मामांच्या हातातली चादर खाली पडली. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग ताईचा हात धरून तिला कपाटाआड नेलं.

५

दुपारी विश्रांतीच्या वेळेला ताईने मेट्रनबाईंना आणि सिस्टरला पॅसेजमधल्या टेबलापाशी उभं केलं. वायरमनलाही बोलावलं. त्याने आल्या आल्या सांगितलं की बेल चालते, आपण तपासली आहे, आता आणखी काय. ताईने मेट्रनबाईंना एकच विनंती केली, की आज पाठ फिरवू नका, कानांनी नाही, डोळ्यांनी ऐका. मग ती आत गेली आणि हेडमास्तरांना म्हणाली, सर, द्या घंटा. एकदाच. नीट लांब.

हेडमास्तरांनी निळ्या चौकडीचं कव्हर दाबलं. बाहेर बेल वाजली. आणि मेट्रनबाईंचा आवाज आला, "तीन?"

मग ताई काकांकडे गेली, तर त्यांना उशामागची वायर सापडेना. ताईने बटण त्यांच्या हातात दिलं, त्यांनी दाबलं, आणि फळीवर नऊचा दिवा लागला. सिस्टर फळीकडे बघतच राहिली आणि मग तिने पदराने तोंड झाकून घेतलं.

मेट्रनबाई आत आल्यावर ताईने सगळं उलगडून सांगितलं. नवी सिस्टर यायच्या आधीच्या रविवारची गोष्ट. हेडमास्तरांची कॉट संडासाशेजारी होती. त्यांना त्या दाराच्या आपटण्याने झोप येत नव्हती, पण ते कुणाला सांगत नव्हते. काकांनी ते ओळखलं आणि आपली खिडकीची जागा देऊ केली, मला कुठे बाहेरचं दिसतं म्हणून. कॉट हलवायची तर वरून परवानगी लागते, रविवारी ती द्यायला कुणी नसतं. मग मामांनी चाकांच्या दोन्ही कॉट तशाच ढकलून त्यांची अदलाबदल केली. मामा जन्मभर सावधपणे काम केलेला माणूस. एकाचं औषध दुसऱ्याला जाऊ नये म्हणून त्यांनी पाट्या आणि फायली जिच्या तिच्या कॉटलाच राहू दिल्या. औषधं चुकली नाहीत. पण बेल कॉटला नव्हती, भिंतीला होती.

"म्हणजे सरांनी बेल दिली की तीनचा दिवा लागायचा," ताई म्हणाली, "आणि सिस्टर तीनची पाटी शोधत काकांकडे जायची. त्यांना वाटायचं ही आपण होऊन आली. तिला वाटायचं यांना करमत नाही म्हणून बोलावलं. तिने कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही. दोघंही भिडस्त. परवा काकांना कळ आली तेव्हा त्यांची बेल नऊवर वाजली, आणि ती सरांची झोप मोडायला गेली. कालची बेल वाजली होती, सर. तुम्ही खरं बोलत होतात. आणि तुमची बेल वाजली नव्हती हेही खरं होतं."

"तुला आकडे उलटसुलट दिसले नाहीत?" मेट्रनबाईंनी सिस्टरला विचारलं.

"मामांना विचारलं होतं पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. "ते म्हणाले, इथे असंच असतं."

मामा चादरीच्या घडीकडे पाहू लागले. सकाळच्या सिस्टरांच्याही लक्षात आलं होतं, पण मामांवर ठपका नको म्हणून त्यांनी काणाडोळा केला होता. अख्ख्या वॉर्डानेच मामांसाठी तोंड शिवून घेतलं होतं. वायरमन मात्र नसलेला स्क्रू शोधत होता. बेल वाजली का एवढंच त्याने विचारलं होतं, कुणाची वाजली हे कुणीच विचारलं नव्हतं.

हेडमास्तरांनी मामांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. जन्मभर मुलांना नियम शिकवले आणि स्वतः मोडला तेव्हा लपवला. मेट्रनबाई, तक्रार परत घेतो. मामांना काही बोलू नका. आणि माझी कॉट जागेवर न्या. खिडकी त्यांची आहे."

सगळे मोकळे होऊन बोलू लागले, आणि त्या गलक्यात ताईचं काकांकडे लक्ष गेलं. ते एकटेच हातातलं बटण तसंच धरून बसले होते.

"म्हणजे ती माझ्यासाठी येत नव्हती तर," ते हळूच म्हणाले.

कोडं सुटल्याच्या आनंदात ताईने हा विचारच केला नव्हता. पण सिस्टरने ऐकलं होतं. ती आली, कॉटच्या कडेवर बसली, आणि आधी त्यांची उशी सारखी केली.

"काका, पाण्यापुरती बेल सरांची होती," ती म्हणाली. "पाणी देऊन झाल्यावर मी रोज बसायची, ती कुणाच्या बेलने?"

काकांनी तिच्या हातावर थोपटलं. ताईने खिडकीबाहेर बघायचं निमित्त करून डोळे पुसले. ही वेणी घालणारीच आहे, यात आता तिला शंका नव्हती.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई मुद्दाम वॉर्डात डोकावली. कॉट आपापल्या जागी गेल्या होत्या. खिडकीपाशी काका, संडासाच्या दाराशी हेडमास्तर. दार धाडकन आपटलं तेव्हा ते दचकले, पण त्यांनी काही तोंड वाकडं केलं नाही.

मग त्यांनी डाव्या हाताने बटण शोधलं आणि दाबलं. एकदाच, नीट लांब. बाहेर बेल वाजली आणि सिस्टर जवळजवळ पळत आली, थेट नऊ नंबरपाशी.

"काय हवंय, सर?"

"मला काही नको," हेडमास्तर म्हणाले आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. "तीन नंबरकडे जाऊन या जरा. त्यांची वेळ झाली आहे, आणि ते स्वतः बेल वाजवायचे नाहीत."